नखाएवढं हिरवं

नोकरी लागली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, आणि जंगल म्हणून काही मी कधी पाहिलेलं नव्हतं. आमचं घर अंबाजोगाईत. वडील दवाखान्यात कामाला, राहायला दोन खोल्यांचं क्वार्टर. सकाळी बुद्धवंदना झाली की आम्ही भावंडं शाळेला आणि वडील ड्यूटीला. झाडं म्हणजे दवाखान्याच्या आवारातली, बुंध्याला गेरू आणि चुना लावलेली. डी.एड. झाले आणि युसूफ वडगावच्या पुढं एका लहानशा गावातल्या प्राथमिक शाळेवर नेमणूक झाली. एसटीनं वडगावपर्यंत जायचं, तिथून चालत.

वर्ष दुष्काळाचं होतं, लागोपाठचं दुसरं. टँकर आला की माझा निम्मा वर्ग घागरी घेऊन पळायचा आणि मी त्यांना अडवायची नाही. मोठी माणसं कामावर गेलेली असायची, पाणी धरायला घरात दुसरं कोण होतं? शाळेच्या हातपंपातून नुसती हवा यायची. तरी पोरं तो हापसत बसायची, कारण त्याचा आवाज हुबेहूब गाढवासारखा येत होता.

चौथीचा वर्ग माझ्याकडं होता. होळीच्या आधी पुस्तकातला वनांचा धडा आला. मी घरून पाठ करून आले होते. जंगल असलं की पाऊस चांगला पडतो, माती वाहून जात नाही, वगैरे सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, "काही शंका?"

पुढच्या ओळीत एक मुलगी बसायची. दोन वेण्या, एकीला लाल रिबीन, दुसरीला हिरवी, कारण जोडीतली एकेक हरवलेली. तिनं हात वर केला.

"बाई, किती झाडं झाली की जंगल व्हतंय?"

हे पुस्तकात नव्हतं. डी.एड.लाही कुणी सांगितलं नव्हतं. बत्तीस पोरं माझ्याकडं बघत होती. मी ठोकून दिलं, "शंभर."

दुसऱ्या दिवशी वर्गात पाय ठेवला तर बाजार भरलेला. रात्रीतून नव्हे, आदल्या संध्याकाळीच पोरांनी गावातली सगळी झाडं मोजून काढली होती. शहाऐंशी भरली होती.

"चौदा कमी पडतेत, बाई!" रिबिनीवाली ओरडून सांगत होती. "तुळशी धराव्या का?"

"तुळशी धरल्या तर एरंडबी धरा!"

"ह्यानं लाइटीचा खांब धरलाय बाई, त्याच्यावर वेल हाय म्हणून!"

"वेल जिवंत हाय की बे!"

त्या गोंधळात हेडगुरुजी आले. निवृत्तीला दोनेक वर्षं राहिलेले, पांढरी टोपी, आवाज करडा. त्यांना हसताना मी पाहिलं नव्हतं. पोरं एकदम चिडीचूप झाली. गुरुजींनी मला बाहेर व्हरांड्यात बोलावलं.

"शंभर झाडांचं जंगल हे गणित कुणी शिकवलं?"

खोटं बोलायचा आदल्या दिवशीचाच अनुभव वाईट होता. मी म्हटलं, "गुरुजी, खरं सांगू? मी जंगल कधी पाहिलंच नाही."

गुरुजींनी एकदा वर्गाच्या दाराकडं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी तरी कुठं पाहिलंय, बाई. तीस वर्षं हा धडा शिकवतोय."

आणि ते हसले. आधी नुसते खांदे हलले, मग टोपी हलली, मग त्यांना खांब धरावा लागला. मला वाटलं आता आपणही हसावं की नाही, पण तोवर माझं सुरू झालेलं होतं. आत बत्तीस पोरं दाराच्या फटीतून आम्हाला बघत होती.

गुरुजींनी त्याच आठवड्यात सगळं जमवलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी वनखात्यात कारकून होता. त्याच्याकरवी निरोप गेला आणि अंबाजोगाईच्या पुढं, घाटनांदूरच्या बाजूला, डोंगरउतारावरच्या राखीव रानात एक गार्ड आमच्यासाठी थांबेल असं ठरलं. राहिला प्रश्न जायचं कसं. एसटीच्या तिकिटाचा विषयच नव्हता. पण गावात दूध सोसायटी होती. तिचा टेम्पो रोज सकाळी दूध घेऊन अंबाजोगाईला शीतकेंद्रात जायचा. चाऱ्याअभावी जनावरं आटलेली, त्यामुळं जिथं पूर्वी कॅनची रास असायची तिथं आता चार-पाच कॅन एका कोपऱ्यात. बाकी टेम्पो मोकळाच.

आम्ही दोघं चेअरमनकडं गेलो. माणूस धिप्पाड, आवाज त्याहून मोठा, बोलता बोलता नखं खायची सवय.

"जंगल बघायला? इथं प्यायला पाणी न्हाई आन् तुमी जंगल बघायला निघाले?"

"धडा आहे पुस्तकात," गुरुजी म्हणाले.

धडा म्हटल्यावर चेअरमनचा आवाज खाली आला. लहानपणी याच गुरुजींचा मार खाल्लेला होता. अंगठ्याचं नख कुरतडत ते म्हणाले, "न्या. पण टेम्पोत कुणी उलटी करायची न्हाई. आन् कॅनच्या झाकणाला हात लावायचा न्हाई."

उलटी कुणी केली नाही. झाकणांना मात्र हात लागले, कारण टेम्पो सुटताच पोरांना कळलं की भरलेला कॅन एक आवाज देतो आणि रिकामा दुसरा. गुरुजी पुढं ड्रायव्हरशेजारी. मी मागं, बत्तीस पोरांच्या मध्ये, एका उपड्या घमेल्यावर. सगळीकडं आंबूस दुधाचा वास. पोरांनी कॅन बडवत असा काही दंगा केला की वडगावात माणसं हॉटेलातून बाहेर येऊन बघायला लागली. एका म्हातारबाबांनी हाक मारून विचारलं, "वऱ्हाड कुणाचं?"

"जंगलाचं!" पोरं ओरडली.

अंबाजोगाईत दूध उतरलं, कॅन रिकामे झाले आणि आवाज दुप्पट झाला. दवाखान्यावरून जाताना मी खाली वाकून बसले, वडिलांनी पाहू नये म्हणून.

उतारापाशी गार्ड सायकल लावून उभे होते. अंबाजोगाईच्याच एका मुसलमान घरातले, पन्नाशीचे, सडपातळ, खाकी शर्ट धुऊन धुऊन पांढरट झालेला. पोरांनी त्यांना लगेच चाचा करून टाकलं. टेम्पोचं मागचं फळकूट पडलं, पोरं धबाधबा उतरली, आणि एकदम सगळं शांत झालं.

समोर डोंगर होता. डोंगरावर झाडं होती, शंभराच्या किती पट कोण जाणे. पण एकालाही पान नव्हतं. करड्या काटक्यांचा नुसता ढीग उभा केल्यासारखं दिसत होतं. मध्येच कुठं कुठं पळस पेटल्यासारखा फुललेला, तेवढाच रंग. पोरं बघत राहिली. मीही.

रिबिनीवालीनं माझा पदर ओढला. "बाई," ती हळूच म्हणाली, "आपल्याला उशीर झाला. मेलंय हे."

चाचांनी ते ऐकलं. त्यांना असं हसू फुटलं की सायकल पडली. "मेलंय? कावून बेटा, तुला पान दिसंना म्हणून? इकडं या सगळे."

त्यांनी एका झाडाची पेन्सिलीएवढी बारीक फांदी खाली ओढली आणि अंगठ्याच्या नखानं तिच्यावर हलकेच एक ओरखडा काढला. करडी साल निघाली. खाली, नखाएवढी जागा, ओली हिरवी. कच्च्या कैरीसारखी हिरवी.

कुणीतरी "आई गं!" म्हणालं. ती मीच होते.

"पाणी न्हाई म्हणून झाडानं पानं टाकून दिली," चाचा सांगायला लागले. "पानातून पाणी उडून जातंय. दार लावून बसलंय ते आत. पाणी आलं की उघडंल. मेलेलं कसं वळखायचं? नखानं. हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी कोरडं दिसलं तर ती फांदी गेली. पण जाड खोडावर न्हाई बघायचं, तिथं साल जाड असती. बारीक फांदीवर. आन् एका झाडाला एकच वरखडा, ज्यास्ती न्हाई. त्यालाबी दुखतंय."

पुढचा अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही. बत्तीस पोरं डोंगरावर पसरली आणि चारी बाजूंनी एकच शब्द ऐकू यायला लागला. "हिरवं!" "बाई, हिरवं!" "हेबी हिरवं!" प्रत्येक वेळी तितक्याच जोरानं, जणू मागची पन्नास झाडं हिरवी निघालीच नव्हती. मी सुरुवातीला "पळू नका, काटे आहेत" असं म्हणत होते. मग मीच पळायला लागले. चपलेचा अंगठा तुटला, चपला टेम्पोत टाकल्या. एका खैराच्या काट्यात पदर अडकला, सोडवला आणि त्या खैराचीही फांदी तपासली. हिरवी! मी ओरडले. वरच्या अंगाला कुणीतरी घोगऱ्या आवाजात ओरडत होतं, बघते तर हेडगुरुजी. टोपी हातात, धोतर खोचलेलं, एका झाडाकडून दुसऱ्याकडं चाललेले. "बाई! हे पण हिरवंच!"

चाचांनी मग सगळ्यांना गोळा केलं आणि पानांशिवाय झाडं ओळखायला शिकवलं. सालईची साल कागदासारखी सुटते आणि तिच्या डिंकाला धुपासारखा वास येतो. पोरांनी नाकं खोडाला अशी चिकटवली की ओढून काढावी लागली. धावड्याचा डिंक त्यांनी चाखायला दिला. तो दातांना चिकटला आणि वर्गाच्या इतिहासात पहिल्यांदा सगळे एकाच वेळी गप्प बसले. चाचा मला म्हणाले, "मॅडम, हा घेऊन जा थोडा. शाळेत कामाला येईल." त्यावर मला इतकं हसू आलं की माझाही डिंक बाहेर पडला.

खाली पडलेली पळसफुलं पोरांनी कानांवर, वेण्यांत, खिशांत खोचली. परतताना टेम्पो केशरी झाला होता. कॅन पुन्हा वाजायला लागले. फक्त रिबिनीवाली गप्प होती. मी विचारलं, "डिंक अजून चिकटलाय का?"

"न्हाई बाई. आज सोसायटीची मीटिंग हाय. माझी आई सकाळीच म्हणत व्हती. त्ये सोसायटीपुढचं लिंब तोडायचं ठरणार हाय. वाळलंय म्हणून."

सोसायटीच्या दारातला तो कडुलिंब मला रोजचा माहीत होता. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षात त्याची सगळी पानं गळून गेली होती. तो काढून तिथं दूध संकलनासाठी पत्र्याची शेड घालायची असं चेअरमनच्या मनात होतं. "मग?" मी म्हटलं.

"मग काय, बाई? नखानं बघितलं का कुणी?"

ती हे हळू बोलली होती. पण टेम्पोत एक क्षणभर कॅन थांबले आणि एकतीस पोरांनी ते ऐकलं.

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. मीटिंग चालू होती. सोसायटीच्या खोलीत माणसं मावत नव्हती, निम्मे सभासद पायऱ्यांवर. लिंबाखाली दोन लाकूडतोडे कुऱ्हाडी शेजारी ठेवून ठराव पास व्हायची वाट बघत बिड्या ओढत होते. टेम्पो थांबायच्या आधीच पोरांनी उड्या टाकल्या आणि लिंबाला गराडा घातला. बत्तीस जणांची नखं खोडावर चालायला लागली.

तपकिरी. सगळीकडं कोरडं तपकिरी.

"वाळलंय, बाई," एक पोरगा म्हणाला, आणि त्याच्या कानावरचं फूल गळून पडलं.

"खोडावर न्हाई!" रिबिनीवाली किंचाळली. "चाचा काय म्हणले? बारीक फांदीवर!"

बारीक फांद्या वर होत्या. ती टेम्पोच्या चाकावर पाय देऊन फळकुटावर चढली, तिथून टपावर. ड्रायव्हर "अगं ए पोरी" म्हणेपर्यंत तिनं एक फांदी धरली होती. ओरखडा काढला. मान हलवली. दुसरी धरली. मान हलवली. मी खालून बघत होते. तिनं टाचा उंच केल्या, रस्त्याच्या बाजूची एक फांदी ओढली, नख लावलं आणि ती टपावर उभ्यानं नाचायलाच लागली. "हिरवं! हिरवं! हिरवं!"

चेअरमन बाहेर आले. "काय लावलंय हे? आत मीटिंग चालू हाय!"

"चेअरमनकाका, लिंब जिवंत हाय!"

"वरीसभर पान न्हाई त्याला. जिवंत कशाचं?"

"नखानं बघा तुमी," ती म्हणाली आणि फांदी त्यांच्या तोंडापर्यंत वाकवली.

चेअरमननी फांदी धरली. दुसरा हात वर नेला. अंगठा लावला, मग तर्जनी लावली, मग करंगळी. काही निघेना. दहाही बोटांना मेलं एक नख शिल्लक नव्हतं, सगळी खाल्लेली. पायऱ्यांवर कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमन क्षणभर लालबुंद झाले, मग स्वतःच गदगदून हसायला लागले आणि म्हणाले, "तूच वरखड बाई."

तिनं ओरखडा काढला. त्यांनी वाकून पाहिलं. हसणं थांबलं. त्या ओल्या जागेवर बोट फिरवलं आणि ते वासाला नाकाशी नेलं. "च्यायला," ते म्हणाले. "कडू वास येतोय की."

मग मीटिंग मीटिंग राहिली नाही. एकेक सभासद उठून बाहेर आला. जो तो फांदी मागायचा. कुणी टेम्पोवर चढलं, कुणी कुणाच्या खांद्यावर. लाकूडतोड्यांपैकी एक स्वतःच झाडावर चढून फांद्या खाली वाकवायला लागला. आत खोलीत एकटे सेक्रेटरी उरले. ते दारात येऊन पुन्हा पुन्हा सांगत होते, "मंडळी, आत या, सभेची गणपूर्ती मोडली! असा ठराव व्हत न्हाई!"

"मग तुमी बाहीर या की," रिबिनीवालीची आई म्हणाली. शेतमजुरी करणारी बाई, एका म्हशीच्या जोरावर सोसायटीची सभासद, आजवर मीटिंगमध्ये तोंड उघडलेलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत ती लिंबाखाली उभी राहिली. "मी सभासद हाय. माझं म्हणणं हाय, लिंब तोडू न्हाई. शेड पल्याडच्या अंगाला घाला."

"कुणाचा पाठिंबा?" चेअरमननी तिथंच विचारलं.

हात वर झाले. पोरांनीही वर केले, काहींनी दोन्ही. "ए, तुमचे खाली घ्या! तुमी सभासद न्हाईत!" सेक्रेटरी ओरडत होते. पण कुणाचा हात मोठा आणि कुणाचा लहान हे बघायला कुणाला सवड नव्हती. हेडगुरुजींनी तर टोपी धरलेला हात वर केला होता आणि ते सोसायटीचे सभासद कधीच नव्हते.

तो ठराव मी नंतर वाचला. सेक्रेटरींना बराच वेळ कसं लिहावं ते सुचत नव्हतं. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, "सदर झाड हिरवे असल्याचे उपस्थित सर्व सभासदांनी नखाने पाहिले. सबब तोडू नये."

त्यानंतर महिनाभर गावात कुणाची खैर नव्हती. पोरांनी दाराच्या चौकटी वरखडल्या, नांगराचे लाकडी इसाड वरखडले, माझी छडीही एकदा तपासली गेली आणि मृत घोषित झाली. एक आजी शाळेत तक्रार घेऊन आल्या की नातू झोपेत त्यांच्या दंडावर नख लावून बघतो. गुरुजींनी गंभीर चेहऱ्यानं ऐकून घेतलं आणि आत येऊन फळ्याकडं तोंड करून हसत राहिले.

त्या जूनला पाऊस झाला. फार नाही, पण झाला. लिंब रस्त्याच्या बाजूनं फुटला. दुसरी बाजू खरंच गेलेली होती, ती पुढं तोडावी लागली. शेड पलीकडं झाली.

श्रावणात चाचांचा निरोप आला, पोरांना आता परत आणा. चौथीची पोरं पाचवीत गेली होती, वडगावच्या शाळेत, तरी ती सगळी आली. नवी चौथीही आली. टेम्पोत पाय ठेवायला जागा नव्हती. उतारापाशी फळकूट पडलं आणि यंदा कुणी थांबलंच नाही, सगळे सरळ त्या गच्च हिरव्यात घुसले आणि दिसेनासे झाले. नुसते आवाज येत होते. गुरुजी तर खरोखरच चुकले. वरच्या अंगाहून "बाई! अहो बाई! वाट कुठंय?" अशा हाका, आणि चाचा खालून, "गुरुजी, आवाजाच्या दिशेनं उतरा!"

मी त्यांना आणायला वर निघाले. माती निसरडी होती. एक पाय सरकला, दुसरा सरकला आणि मी बसल्या बसल्या खाली घसरायला लागले. वाटेत दुसऱ्या अंगानं खाली उतरलेले गुरुजी भेटले, त्यांचा हात धरायला गेले, तर तेही घसरायला लागले. आम्ही दोघं गवतातून, टाकळ्यातून, तीस वर्षांच्या नोकरीच्या अब्रूसकट, थेट चाचांच्या सायकलीपर्यंत गेलो. पोरांनी बघितलं. झालं. पुढचा तासभर जंगलाचं सगळं वऱ्हाड रांगेत उभं राहून घसरत होतं आणि खाली चाचा एकेकाला उचलून उभं करत होते.

संध्याकाळी मी क्वार्टरमध्ये शिरले तेव्हा वडील नुकते ड्यूटीवरून आले होते. त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. साडीचा मागचा भाग पूर्ण मातीचा, केसांत गवत, एकच चप्पल.

"कुठं गेलतीस?"

"शाळेत," मी म्हटलं आणि अंघोळीचं पाणी तापवायला गेले.